पाऊस, बंद शाळा, दोन पोरं आणि साडेअकराची मीटिंग: घरात काय करायला देता?

दमट_कपडे | मंगळवार, दुपारी १:१०

काल रात्री पावणेदहाला शाळेच्या ग्रुपवर निरोप पडला: जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानुसार उद्या सुट्टी. आमचा थोरला (वय ८, तिसरी) गादीवर उभा राहून नाचला. त्याला बघून धाकटी (साडेचार) नाचली. खालच्या मजल्यावरून छताला काठी ठोकल्याचा आवाज आला. सुट्टीची सुरुवात ही अशी.

आम्ही पुण्यात, सिंहगड रस्त्याला, तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक हॉल. हॉलमध्ये सध्या तीन दोऱ्या बांधल्यात, त्यावर गेल्या शुक्रवारपासूनचे कपडे आहेत. शुक्रवारचे अजून वाळलेले नाहीत. म्हणजे हॉल आहे असं नुसतं म्हणायचं, प्रत्यक्षात वाकून चालायचा एक बोगदा आहे. पार्किंगमध्ये एरवी पोरं खेळतात, पण तिथे घोटाभर पाणी आहे आणि सेक्रेटरींनी 'मुलांना खाली सोडू नये' अशी पाटी लावली आहे. ती पाटीही भिजून खाली पडली, तो भाग वेगळा.

बायको बँकेत. तिला घरून काम हा प्रकार नाही, ती छत्री घेऊन सव्वानऊला सुटली. मी आयटीतला, म्हणजे घरात असूनही घरात नाही. साडेअकराला क्लायंटचा कॉल होता आणि मी ऐन बोलत असताना धाकटी माझ्या मागून 'बाबा, शी झाली' असं ओरडत आली. चौदा लोकांनी ऐकलं. त्यातल्या नऊ जणांना मराठी येतं.

आजवर काय करून झालं ते सांगतो, म्हणजे तेच परत सुचवू नका.

मागच्या आठवड्यात ऑनलाइन एक 'ॲक्टिव्हिटी बॉक्स' मागवला. आठशे नव्व्याण्णव रुपये. 'तासन्‌तास गुंतवून ठेवतो' असं खोक्यावर लिहिलं होतं. बावीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. त्यात थर्माकोलचे बारीक मणी होते, ते ओल्या कपड्यांना चिकटले. माझ्या ऑफिसच्या निळ्या शर्टावर अजून हिमवर्षाव आहे.

व्यापार मांडला. थोरल्याने तीन फेऱ्यांत बहिणीला कंगाल केलं, तिने पट उलटवला. पत्त्यांत बदाम सात शिकवला. तो बरा चालतो, पण धाकटीला सत्ता आणि सहा यांत फरक कळत नाही आणि दोघांत खेळायला मजा नाही, तिसरा गडी मीच लागतो. चित्रं रंगवणं दहा मिनिटं. मोबाईल द्या असं कृपया सांगू नका, ते मलाही येतं, आणि मी ते केलंही आहे. प्रश्न मोबाईल काढून घेतल्यानंतरच्या अर्ध्या तासाचा आहे.

मला हवं आहे ते असं: (१) मी पलीकडच्या खोलीत बसून काम करू शकेन, (२) उड्या नाहीत, (३) नवीन काही विकत आणायला नको, कारण बाहेर जाता येत नाही, (४) दोघांना एकत्र जमेल. सगळ्या अटी एकदम पाळणारं जगात काही नसेल, हे मला माहीत आहे. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

---

खालचा_मजला | मंगळवार, दुपारी १:२५

तुम्ही नक्की कोणत्या सोसायटीत राहता? कारण काल रात्री पावणेदहाला मीही काठी ठोकली होती.

(गंमत केली. आमच्या वरच्यांना मुलं नाहीत, त्यांच्याकडे ट्रेडमिल आहे.)

---

नारायणपेठी | मंगळवार, दुपारी २:५०

अहो दमट_कपडे, आधी एक सांगा, घरात वाल आहेत का? कडवे वाल. नसतील तर चार वाजता पाऊस उघडेल तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो घेऊन या, ही अट क्रमांक तीन मोडली तरी चालेल.

रात्री वाल भिजत घाला. सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधा, वर जड काहीतरी ठेवा. या हवेत मोड यायला दीड दिवस तरी लागतो, तोवर थोरल्याला दर चार तासांनी पुरचुंडी उघडून मोड किती आला ते बघायचं काम द्या. मग कोमट पाण्यात टाका आणि दोघांना समोरासमोर बसवा, मध्ये परात. डाळिंब्या सोलायच्या. दाणा चिमटीत धरायचा, मोडाच्या उलट बाजूने दाबायचा, की तो सालातून सुळ्‌कन निसटतो. पहिले दहा दाणे कपाटाखाली जातात. ते जाऊ द्यात, कारण खरं सांगायचं तर मुलं त्यासाठीच बसतात. माझ्या दोन नातवंडांना पाव किलोला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात घरात फक्त 'टुण' आणि 'ए माझा गेला' एवढाच आवाज होता.

हे काम का चालतं, तर ते खोटं नाही म्हणून. तुमच्या त्या खोक्यातलं कागदी फूल करून झालं की त्याचं काय करायचं हे मुलांनाही कळत नाही. डाळिंबी रात्री ताटात येते. आमची नात पाहुण्यांना वाढताना सांगते, 'मी सोललेल्या आहेत.' एरवी ती भाजीला हात लावत नाही.

दुसरं, अष्टाचंगा. कवड्या नसतील तर चिंचोके घ्या, चार. आणि आता नीट वाचा, कारण खेळापेक्षा तयारीत जास्त वेळ जातो. प्रत्येक चिंचोका एका बाजूने घासायचा, काळपट साल जाऊन आतला पांढरा भाग दिसेपर्यंत. आमच्या लहानपणी शहाबादी फरशीवर घासायचो, बोटं भाजायची इतका तो तापायचा. (घासून तापलेला चिंचोका शेजारणीच्या दंडाला लावणं हा वेगळा खेळ. तो शिकवू नका.) तुमच्या गुळगुळीत टाइल्सवर काही होणार नाही. गॅलरीच्या उंबऱ्याचा दगड, नाहीतर मातीच्या कुंडीचा खडबडीत बुंधा चालेल. चार चिंचोक्यांना दोन मुलांची एक अख्खी दुपार.

पट खडूने जमिनीवर: पाच गुणिले पाच घरं. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली. चारही चिंचोके पांढरी बाजू वर पडले की चार, म्हणजे चंग. चारही काळे पडले की आठ, म्हणजे अष्टा. या दोन्हींवर पुन्हा डाव मिळतो. बाकी जितके पांढरे तितकी घरं. बाहेरच्या घरांतून एक फेरा, मग उलट्या दिशेने आतला फेरा, मग मध्ये. फुलीत बसलेली सोंगटी मारता येत नाही. आमच्याकडे एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेऱ्यात जाऊ देत नसत, पण साडेचार वर्षांच्या मुलीला तो नियम लावू नका, अश्रुपात होईल. तिला सहापर्यंत मोजता येत नसेल तरी पांढरे किती हे येतंच. ते चारच्या वर जात नाहीत.

आणि वीज गेली की गोष्ट. आमच्याकडे पावसात वीज गेली की मला पानशेतची गोष्ट सांगायला लागते. १२ जुलै १९६१, मी तिसरीत होते. सकाळी धरण फुटल्याची बातमी आली आणि नदीकाठच्या पेठांमधून माणसं जी सुटली ती पर्वतीच्या दिशेला. आईने निघताना चुलीवरचं भाताचं पातेलं तसंच उचललं, झाकणासकट. दागिन्यांचा डबा मागे राहिला, भात आला. ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल. नातवंडं पुराचं काहीच विचारत नाहीत, प्रत्येक वेळी एकच विचारतात: 'मग तो भात कोणी खाल्ला?'

---

दमट_कपडे | मंगळवार, दुपारी ३:२०

नारायणपेठी, मग तो भात कोणी खाल्ला?

वाल आणतो. चिंचोक्यांची अडचण आहे, घरात बिनबियांच्या चिंचेचं पाकीट आहे. या पाकिटांनी एक अख्खा खेळ मारला हे आज कळलं.

---

नारायणपेठी | मंगळवार, दुपारी ३:३५

पर्वतीच्या पायऱ्यांवर जेवढे होते त्यांनी, एकेक घास. चिंचोके मंडईत चिंचवाल्यांकडे मिळतील, किंवा कोणाच्याही आजीकडे.

---

साडेआठ | मंगळवार, सायंकाळी ५:०५

माझं टोपणनाव वाचून लोकांना वाटतं मी उशिरा उठणारा. तसं नाही. मी चौतीस वर्षं सिमला ऑफिसात होतो. (नवीन मंडळींसाठी: शिवाजीनगरचं हवामान खातं. कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आली, म्हणून जुनी माणसं अजून सिमला ऑफिस म्हणतात.) देशभर पावसाची रोजची नोंद सकाळी साडेआठला होते. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत जो पडला तो आजच्या तारखेवर लिहायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी साडेआठला मला गॅलरीत जावंसं वाटतं.

तुम्ही सगळे मुलांना पावसापासून वाचवायला बघता. त्यांना पावसाच्या कामाला लावा.

दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्या, कमरेत चिमटलेली नको. वरचा एक तृतीयांश भाग कापा. हे तुम्ही करा, पोरांनी नाही, आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा. कापलेला भाग बूच काढून उलटा करून खालच्या भागात बसवा, झालं नरसाळं. बाटलीचं बूड खालून खळग्यांचं असतं, तिथे उंची मोजता येत नाही. म्हणून आत थोडे खडे टाका आणि बाटलीचं अंग सरळ होतं तिथवर पाणी भरा. त्या पाण्याच्या पातळीवर शून्याची रेघ. तिथून वर फूटपट्टीच्या मिलिमीटरच्या खुणा. नरसाळं त्याच बाटलीचं असल्याने तोंडाचा आणि अंगाचा घेर सारखा आहे, त्यामुळे पाणी जितके मिलिमीटर चढलं तितका पाऊस, गणित करायला नको. रोज वाचून झालं की वरचं पाणी ओतून पुन्हा शून्यावर आणायचं. साचू द्यायचं नाही, डासांची सोय होते.

मुलगा विचारेल, मिलिमीटर म्हणजे काय? त्याला सांगा, एक मीटर लांब, एक मीटर रुंद ताटात एक लिटर पाणी ओतलं की ते एक मिलिमीटर उंच उभं राहतं. मग तुमची गच्ची मोजायला लावा. शंभर चौरस मीटर असेल आणि दहा मिलिमीटर पडला, तर गच्चीवर हजार लिटर पाणी पडलं. वरची काळी टाकी साधारण तेवढीच असते. माझ्या भाच्याच्या मुलाने हे ऐकलं आणि तो पंधरा मिनिटं टाकीकडे बघत उभा होता.

खात्याचे शब्द त्याला पाठ करायला द्या, मुलांना अशा अधिकृत गोष्टी फार आवडतात. चोवीस तासांत ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ आणि पुढे अत्यंत मुसळधार. आणि खालच्या टोकाला: २.५ मिमी तरी पडला तरच तो दिवस 'पावसाचा दिवस' म्हणून मोजतात. पुण्यात हे फार उपयोगी पडतं. दिवसभर रिपरिप, कपडे वाळत नाहीत, सगळे कंटाळलेले, आणि बाटलीत १.८. म्हणजे खात्याच्या लेखी आज पाऊसच नाही! आपण सह्याद्रीच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत. ढग मुळशी, ताम्हिणी, लोणावळ्याला मोकळे होतात आणि आपल्याकडे उरलंसुरलं येतं.

पेपरात धरणांचे आकडे रोज येतात. पुण्याची चार धरणं: टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, खडकवासला १.९७. चारही मिळून २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). थोरल्याला आलेखाच्या कागदावर चार उभे पिंप काढायला सांगा, त्याच प्रमाणात, आणि रोज जेवढं भरलं तेवढं निळं. खडकवासला किती चिंगळी आहे ते काढल्यावर त्याला कळेल, आणि मग ती पटकन भरून नदीत पाणी का सोडावं लागतं ते तुम्ही न सांगताच कळेल. बातम्यांत क्युसेक म्हणतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, दीड बादली धरा.

एकच ताकीद. बाटली गच्चीच्या मधोमध, विटांच्या आधाराने. कठड्याजवळ नाही, टाकीजवळ नाही. आणि गच्चीवर मोठं माणूस बरोबर हवं. विजा कडाडत असतील तर साडेआठचं वाचन दहाला झालं तरी चालेल. हे मी म्हणतोय म्हणजे बघा.

---

ओले_मोजे | मंगळवार, रात्री ९:४०

सगळे एवढं सांगताहेत, पण भिजायला का नाही पाठवत? आम्ही अख्खा जुलै रस्त्यावर काढला, काही झालं नाही.

---

दमट_कपडे | मंगळवार, रात्री ९:५२

पाठवतो हो. गच्चीवर वीस मिनिटं भिजून, आंघोळ करून, आलं घातलेलं दूध पिऊन पोरं परत कोरी करकरीत तयार असतात आणि घड्याळात सव्वादहा वाजलेले असतात. प्रश्न उरलेल्या दिवसाचा आहे. आणि आमच्या रस्त्यावरच्या पाण्यात काय काय वाहत येतं ते मी बघितलंय, त्यात नाही पाठवणार.

---

बालवाडीताई | बुधवार, सकाळी ७:१५

सगळ्यांनी थोरल्याची सोय लावली. धाकटीचं कोणी बोलत नाही. साडेचारच्या मुलीला मिलिमीटरही नको आणि टीएमसीही.

मी सव्वीस वर्षं बालवाडी चालवते. या वयाला लागतं ओतणं, निवडणं, जोड्या लावणं आणि हुद्दा. तुमच्या घरात त्यासाठीचं उत्तम साहित्य दोरीवर लटकतंय. तिला कपडे वाळल्याची तपासणी द्या. हाताला दमट कपडा कळत नाही, गालाला लावला की लगेच कळतो. तिच्या उंचीला खालची दोरी बांधा, त्यावर मोजे, रुमाल, बनियन. वाळलेला कपडा या बादलीत, ओला तिथेच. मग मोज्यांच्या जोड्या. एखादा मोजा मुद्दाम लपवून ठेवा. हरवलेल्या मोज्याचा शोध हा आमच्याकडे पावसाळ्यातला सर्वांत लांबलेला खेळ आहे.

दुसरा हुद्दा: कोरडा दिवस. महापालिकेवाले सांगतात ना, आठवड्यातून एकदा साठलेलं पाणी ओतून टाका, तो. गळ्यात शिट्टी, हातात वही, घरातल्या सगळ्या कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलरचा तळ, फ्रिजमागचा ट्रे तपासायचा. पाणी सापडलं की शिट्टी. (शिट्टी संध्याकाळी. तुमच्या मीटिंगच्या वेळी नाही.)

थोरल्यासाठी माझ्याकडे एकच: काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. ही युक्ती अरविंद गुप्तांची. आयुकातल्या (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी शिकवत, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काडीवरचं गुल आधी खरवडून टाकायचं, हे तुमच्या देखरेखीखाली. ट्यूबचे सेंटिमीटरभर तुकडे, प्रत्येक तुकड्यात दोन्हीकडून एकेक काडी. तीन काड्यांचा त्रिकोण करा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, डुलतो. चौकोनाला डुलायचं थांबवायला काय करावं, एवढाच प्रश्न विचारा आणि खोलीतून बाहेर पडा. ट्यूब जुन्या सायकलवाल्याकडे मागा. सायकलींच्या शहरात आता ती शोधायला लागते, काय सांगावं.

आणि एक कडू बोलते. पहिली पंधरा-वीस मिनिटं मुलं 'बाबा काय करू' करत मागे येणारच. त्या वेळात तुम्ही तीन खेळ सुचवता, म्हणून ती चौथा मागतात. एक सांगून गप्प बसा.

---

दमट_कपडे | शुक्रवार, सकाळी ११:००

अहवाल. (आज शाळा आहे. थोरल्याची दुपारची, ती आता भरेल, म्हणजे मी आता सुटेन.)

डाळिंब्या: नारायणपेठींनी सांगितलं तस्संच. छत्तीस मिनिटं शांतता, मी अख्खा कॉल केला. सतरा दाणे सोफ्याखाली, त्यातले तीन आज सकाळी सापडले, मोड वाढून इंचभर झालाय. थोरल्याने ते वाटीत मातीत लावलेत. भाजी धाकटीने खाल्ली नाही, पण कोणी किती खाल्ली यावर लक्ष ठेवलं.

चिंचोके शेजारच्या आजींकडे निघाले, लोणच्याच्या बरणीत साठवून ठेवले होते. कशासाठी असं विचारलं तर म्हणाल्या, 'असू देत.' कुंडीवर घासून दोन कुंड्यांचा रंग गेला. अष्टाचंगा रोज रात्री चालू आहे, त्यात बायको फार लबाडी करते हे लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर समजलं.

मोज्यांची तपासणी हे या धाग्यावरचं सोनं. एकच तोटा: धाकटी आता माझ्या अंगावरचा शर्टही गालाला लावून 'ओला आहे, काढा' म्हणते.

व्हॉल्व्ह ट्यूब मिळाली नाही. तीन सायकलवाले फिरलो. तिसरा म्हणाला, 'काका, ती आता कोण वापरतं,' आणि मला घंटी दाखवू लागला.

आता पर्जन्यमापक. इथे माझी चूक आहे, कबूल करतो. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आणि ते गावाला. मी आळस केला, बाटली आमच्याच गॅलरीच्या जाळीबाहेर तारेने बांधली. गुरुवारी साडेआठला थोरल्याने डोळा पाण्याच्या रेघेला लावून वाचलं: १२८. त्याने तक्ता बघितला, ११५.६ च्या वर, अति मुसळधार. मी दात घासत होतो. तेवढ्यात त्याने माझा फोन घेऊन सोसायटीच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला: 'नमस्कार. आपल्याकडे १२८ मिलिमीटर अति मुसळधार पाऊस झाला आहे. कृपया कोणी बाहेर पडू नये.' पाच मिनिटांत बी विंगमधल्या दोघांनी गाड्या काढून वरच्या रस्त्यावर लावल्या. मागच्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात गेल्या त्यांना हसण्यात अर्थ नाही.

साडेआठ साहेब, काय चुकलं?

---

साडेआठ | शुक्रवार, सकाळी ११:०८

वरच्या मजल्याचा छज्जा बाटलीच्या डोक्यावर येतो का?

---

दमट_कपडे | शुक्रवार, सकाळी ११:१०

येतो. त्याची कड बरोबर वर.

---

साडेआठ | शुक्रवार, सकाळी ११:१४

मग तुम्ही पागोळी मोजलीत. छज्जाभर पडलेला पाऊस एका कडेने येऊन तुमच्या बाटलीत. मुलाला रागावू नका, त्याचं वाचन बरोबर आहे, जागा चुकली. जागा तुमची. नोंद खोडायची नाही, खात्यात खाडाखोड चालत नाही. शेजारी 'जागा सदोष' असा शेरा लिहायला सांगा.

---

दमट_कपडे | शनिवार, सकाळी ९:०५

किल्ली मिळाली. सेक्रेटरींना गच्चीवर काय ठेवणार ते लेखी हवं होतं, थोरल्याने अर्ज लिहून दिला, 'विषय: बाटली ठेवणेबाबत'. आज बरोबर साडेआठला आम्ही तिघं वर होतो. धाकटी छत्री धरून उभी होती. छत्री तिने बाटलीवर धरली होती, भिजू नये म्हणून. ती कधीपासून धरली होती ते कळलं नाही.

त्याची वही जशी आहे तशी उतरवतो:

गुरु. १२८ मिमी. अति मुसळधार. जागा सदोष (बाबा).
शुक्र. वाचन नाही. किल्ली नाही.
शनि. १४ मिमी. छत्री आली. बहिणीला खाली पाठवले. ती रडली.